कॅलिफोर्नियाची 1911 ची जनोपक्रम व सार्वमत दुरुस्ती कशी वाचावी

नाशिकमधील राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांना थेट लोकशाहीवर टिपण लिहायचे असेल, तर त्यांनी व्याख्या पाठ करत बसण्याऐवजी 10 ऑक्टोबर 1911 रोजी कॅलिफोर्नियाच्या मतदारांपुढे आलेली जनोपक्रम व सार्वमताची घटनादुरुस्तीच मुळातून वाचावी. सदर्न पॅसिफिक या रेल्वे कंपनीची राज्याच्या राजकारणावरील पकड मोडण्याचे आश्वासन देऊन हायरम जॉन्सन गव्हर्नर झाले होते, एवढी पार्श्वभूमी पुरेशी आहे.

खरा वेळ टक्केवारीला द्यावा आणि प्रत्येक आकड्याशेजारी समासात ‘कशाच्या?’ असे लिहावे. जनोपक्रमासाठी, म्हणजे नागरिकांनी तयार केलेला मसुदा थेट मतदानाला नेण्यासाठी, 8 टक्के, तर विधिमंडळाने संमत केलेला कायदा रोखून त्यावर सार्वमत मागण्यासाठी 5 टक्के सह्या लागत. परंतु ही टक्केवारी मतदारयादीतील नावांची नसून मागील निवडणुकीत गव्हर्नरपदासाठी पडलेल्या एकूण मतांची होती. मंजुरीलाही त्या प्रश्नावर प्रत्यक्ष पडलेल्या मतांचे बहुमत पुरत असे. आपल्याकडे दारूचे दुकान बंद करण्यासाठी होणाऱ्या ‘आडवी बाटली’च्या मतदानात यादीतील एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते लागतात, म्हणजे त्या दिवशी घरी राहिलेली महिला नकळत दुकानदाराच्या पारड्यात बसते, हा फरक टिपणात अवश्य यावा.

यानंतर अपवाद तपासावेत. सार्वमताच्या अर्जासाठी अधिवेशन संपल्यापासून 90 दिवसांची मुदत होती, मात्र दोन्ही सभागृहांनी दोन-तृतीयांश मतांनी तातडीचा ठरवलेला कायदा आणि करआकारणी यांना सार्वमत लागू नव्हते. जनतेने संमत केलेल्या कायद्यावर गव्हर्नरांना नकाराधिकार नव्हता.

निकाल लिहिताना बाजूने 1,68,744 व विरोधात 52,093 एवढ्यावर थांबू नये. महापालिकेसाठी एका प्रभागात चार मते देताना नाशिककर गोंधळतो. कॅलिफोर्नियात तर एकाच दिवशी 23 घटनादुरुस्त्यांवर कौल द्यायचा होता. त्यांतच महिलांच्या मताधिकाराची दुरुस्ती होती आणि ती अवघ्या 3,587 मतांनी तरली, म्हणजेच ‘जनतेच्या’ या अधिकारांवर केवळ पुरुषांनी मतदान केले होते.

शेवटी एक दक्षता घ्यावी: 5 टक्के सह्यांवर मसुदा आधी विधिमंडळापुढे ठेवण्याचा अप्रत्यक्ष मार्गही 1911 च्या मजकुरात आढळतो, पण तो 1966 मध्ये रद्द झाल्याने त्याचे वर्णन भूतकाळातच करावे.