सुविचार पाठवण्याआधी तो उलटा करून बघा

सुविचारांवर वैतागणाऱ्या माणसाला चांगुलपणाचंच वावडं असतं, असं समजू नका. त्याला खटकतं ते साधं असतं: वाक्यात काही म्हटलेलंच नाही, खालचं नाव खोटं आहे, किंवा ज्याला पाठवलं त्याच्या परिस्थितीशी त्याचा संबंध नाही. हे तिन्ही दोष पाठवण्याआधी तपासता येतात.

आधी वाक्य उलटवा. ‘जे सोडून जातं ते आपलं कधी नव्हतंच.’ आता उलट: ‘जे खरंच आपलं असतं तेच एक दिवस सोडून जातं.’ हेही तितकंच खोल वाटतं ना? उगवत्या सूर्याच्या चित्रावर चिकटवलं तर यालाही तेवढेच अंगठे मिळतील. मग मूळ वाक्याने सांगितलं काय? याउलट ‘रागात लिहिलेलं उत्तर रात्रभर तसंच ठेवा, सकाळी वाचून मग पाठवा’ हे उलटवलं की सरळ मूर्खपणाचं होतं. म्हणजे त्यात काहीतरी ऐवज आहे. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या गॉर्डन पेनिकुक आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, भारदस्त शब्द संगणकाने कसेही जुळवून केलेली वाक्यं लोकांना दाखवली होती. व्याकरण शुद्ध, अर्थ शून्य. तरी बऱ्याच जणांना ती थोडीफार अर्थगर्भ वाटली.

यमक असेल तर ते मोडून बघा. त्याच अर्थाच्या बिनयमकी वाक्यापेक्षा यमक जुळलेलं वाक्य लोकांना जास्त खरं वाटतं, असं 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं होतं. ‘नशीब नको, हिंमत हवी, वाट जुनी, चाल नवी’ हे साध्या भाषेत लिहिलं तर ‘वेगळ्या पद्धतीने प्रयत्न करा’ एवढंच उरतं. हे ज्याला कोणी सांगायला हवं, असा माणूस सापडणं कठीण.

नावाची तपासणी थोडी किचकट. वाक्यातले सलग सहा-सात शब्द अवतरणचिन्हांत घालून शोधा. मजकूर चित्रात असेल तर गूगल लेन्सने उचलून घ्या. भाषांतरित वाक्य मराठीत शोधून हाती काही लागत नाही, कारण प्रत्येकाने शब्द आपापले घातलेले असतात. मूळ भाषेतलं रूप शोधा. निकालांत फक्त चित्रं आणि सुविचारांच्या याद्या दिसल्या, पण पुस्तकाचं पान, भाषणाची तारीख, पत्राचं साल कुठेच नसेल, तर नाव काढून टाका. ‘तेच तेच करत राहून वेगळ्या निकालाची अपेक्षा धरणं म्हणजे वेडेपणा’ हे आइनस्टाइनच्या नावावर खपतं. आइनस्टाइन 1955 मध्ये गेले. हे वाक्य छापील स्वरूपात दिसतं ते 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला, व्यसनमुक्ती गटांच्या साहित्यात. ‘जगात जो बदल हवा तो स्वतः बना’ हेही गांधीजींच्या लिखाणात या शब्दांत सापडत नाही. 1913 च्या एका लेखात त्यांनी, आपण बदललो तर जगाची वृत्तीही बदलेल, अशा आशयाचं लिहिलं होतं. ते इतकं चटपटीत नाही, म्हणून मागे पडलं असावं.

खरी चीड मात्र येते ती तिसऱ्या दोषाने. ‘जे होतं ते चांगल्यासाठीच’ हे ज्याच्या घरी मृत्यू झालाय त्याला पाठवणं म्हणजे त्याचं दुःख गैरसमज ठरवणं. ‘मनात आणलं तर काहीही शक्य आहे’ हे आजारी माणूस असं वाचतो: बरा झालो नाही, म्हणजे मनातच आणलं नाही. जोआन वुड आणि सहकाऱ्यांच्या 2009 च्या प्रयोगात, स्वतःविषयी आधीच कमी आदर असलेल्यांनी ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ असं घोकल्यावर त्यांना उलट जास्त वाईट वाटलं. ज्यांचं बरं चाललं होतं त्यांनाच थोडा फायदा झाला. म्हणजे ज्याच्यासाठी औषध, त्यालाच बाधतं.

अशा वेळी सुविचाराऐवजी दोन ओळी लिहा. पहिलीत घडलेल्या गोष्टीचा सरळ उल्लेख, दुसरीत वेळेसकट एक ठोस मदत: ‘तुझ्या रिपोर्टचं कळलं. गुरुवारी दुपारी मोकळा आहे, डॉक्टरांकडे सोबत येऊ का? लगेच उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.’ ‘काही लागलं तर सांग’ नको. काय लागेल ते शोधायचं काम तुम्ही त्याच्यावरच टाकता.

स्टेटसवरचा सुविचार बऱ्याचदा ‘लेकी बोले सुने लागे’ या जातीचा असतो. टोमणा एकाला, पण तो स्वतःवर ओढून घेणारे दहा. भांडण असेल तर त्या एकालाच फोन करा.

फॉरवर्ड करताना व्हॉट्सॲपवर दुहेरी बाण दिसला, तर तो मेसेज किमान पाच हातांतून आलेला आहे. एप्रिल 2020 पासून असा मेसेज एका वेळी एकाच चॅटमध्ये पाठवता येतो. तुम्ही पाठवताय त्याच्याकडे तो बहुधा आधीच पोचलेला असतो.

आणि तुम्ही झेलणाऱ्या बाजूला असाल तर ग्रुपमध्ये चारचौघांत चूक दाखवू नका. पाठवणारा सुधारत नाही, दुखावतो मात्र नक्की. ग्रुप म्यूट करा (आठ तास, एक आठवडा किंवा कायम); इतरांना कळत नाही. अँड्रॉइडवर ग्रुपच्या माहितीत जाऊन मीडिया व्हिजिबिलिटी बंद केली की नवी चित्रं गॅलरीत येत नाहीत. जुनी साचलेली काढायला सेटिंग्जमधल्या स्टोरेज अँड डेटामध्ये मॅनेज स्टोरेज उघडा. अनेकदा फॉरवर्ड झालेल्या फाइली तिथे वेगळ्या दाखवलेल्या असतात. पुसल्या तर फक्त तुमच्या फोनमधून जातात.