अमेरिकेत हायस्कूलचे कोर्स कसे निवडावेत

जानेवारी संपत आला की शाळेतून एक फॉर्म घरी येतो. पुढच्या वर्षी मूल कोणते कोर्स घेणार ते त्यावर लिहायचं, पालकांनी सही करायची आणि आठवड्याभरात परत द्यायचा. सोबत साठ-सत्तर पानांचा कोर्स कॅटलॉग. आमच्याकडे हा फॉर्म पहिल्यांदा आला तेव्हा लेक आठवीत होती. रात्रीची जेवणं उरकल्यावर मी तो वीस मिनिटांत भरून टाकला. आम्ही दोघं महाराष्ट्र बोर्डातून आलेलो. दहावीपर्यंत विषय ठरलेले, पुढे सायन्स की कॉमर्स एवढाच प्रश्न, आणि नववीचे मार्क पुढे कुणी विचारत नाही ही समजूत हाडीमासी खिळलेली. तो फॉर्म म्हणजे कॉलेजच्या अर्जाचं पहिलं पान आहे, हे आम्हाला सांगणारं कुणी नव्हतं. लेक आता कॉलेजात आहे, धाकटा दहावीत आहे. मधल्या काळात जे शिकलो ते इथे क्रमाने लिहिते.

अर्ज वाचणाऱ्याला काय दिसतं, ते आधी समजून घ्या

चुरशीच्या कॉलेजांकडे अर्जासोबत ट्रान्सक्रिप्ट जातं. त्यात नववीपासूनचा प्रत्येक कोर्स आणि त्याची ग्रेड असते. त्याच्या जोडीला शाळा स्वतःबद्दलची माहिती पाठवते, तिला स्कूल प्रोफाइल म्हणतात. शाळेत ऑनर्स (नेहमीच्यापेक्षा कठीण) आणि एपी (ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट, म्हणजे कॉलेजच्या पातळीचे) कोर्स कोणते, जीपीए म्हणजे ग्रेडची सरासरी कशी मोजतात, हे त्यात असतं. शिवाय कॉमन ॲप, म्हणजे अनेक कॉलेजांच्या सामायिक अर्जाच्या फॉर्मवर काउन्सेलरला, म्हणजे शाळेतल्या मार्गदर्शकाला विचारलेलं असतं की शाळेतल्या कॉलेजची तयारी करणाऱ्या इतर मुलांच्या तुलनेत या मुलाने निवडलेले कोर्स किती कठीण आहेत. उत्तराच्या पाच पायऱ्या असतात.

हे तिन्ही कागद एकत्र वाचले जातात. म्हणजे तुमच्या मुलाची निवड ताडून पाहिली जाते ती त्याच्याच शाळेत काय उपलब्ध होतं त्याच्याशी. ज्या शाळेत सहाच एपी आहेत तिथे चार घेणारी मुलगी कमी ठरत नाही. २०१८ मध्ये वॉशिंग्टन परिसरातल्या आठ नामांकित खासगी शाळांनी एपी टप्प्याटप्प्याने बंद करत असल्याचं जाहीर केलं, ते याच भरवशावर की कॉलेजं त्यांचे कोर्स त्यांच्या मापाने वाचतील. गणेशोत्सवाच्या कार्यक्रमात 'आमच्याने अकरा एपी केले' असं कुणी सांगितलं की पोटात गोळा येतो, मला ठाऊक आहे. पण ते मूल दुसऱ्या शाळेतलं असेल तर त्या आकड्याचा तुमच्या फॉर्मशी संबंध नाही.

कॅलिफोर्निया विद्यापीठाची पद्धत निराळी आहे. तिथे अर्ज करताना ट्रान्सक्रिप्ट किंवा काउन्सेलरचं पत्र मागत नाहीत. मूल स्वतःच प्रत्येक कोर्स आणि ग्रेड भरतं. जीपीए धरतात तो नववीनंतरच्या उन्हाळ्यापासून अकरावीनंतरच्या उन्हाळ्यापर्यंतचा. एसएटी-एसीटी या प्रवेश-परीक्षांचे गुण प्रवेशासाठी बघतच नाहीत, त्यामुळे कोर्स आणि ग्रेड यांचं वजन तिथे आणखी वाढतं.

एका कागदावर चार वर्षं मांडा

एक कोरा कागद आडवा धरा. उभे चार रकाने: नववी, दहावी, अकरावी, बारावी. आडव्या पाच ओळी: इंग्रजी, गणित, विज्ञान, इतिहास-सामाजिक शास्त्रं, परकी भाषा. हे पाच गाभ्याचे विषय. संगीत, चित्रकला, कॉम्प्युटर, बिझनेस यांना खाली वेगळी जागा ठेवा. आता वीसच्या वीस चौकोन पेन्सिलीने भरा. पेन नको, कारण हा कागद दर वर्षी खोडावा लागतो.

भरताना एक फरक ध्यानात ठेवा: हायस्कूल पास व्हायला लागतं ते वेगळं आणि चुरशीच्या कॉलेजाला हवं असतं ते वेगळं. कॅलिफोर्निया विद्यापीठाला ठरावीक सात गटांतले, वर्षभराचे पंधरा कोर्स लागतात आणि त्यातले अकरा बारावी सुरू होण्याआधी व्हावे लागतात. त्यात गणित तीन वर्षं सक्तीचं, पण चार वर्षं घ्या असा सल्ला असतो. एमआयटी सुचवते: कॅल्क्युलसपर्यंत गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र प्रत्येकी एक वर्ष, इंग्रजी चार वर्षं, इतिहास किंवा सामाजिक शास्त्रं दोन वर्षं, परकी भाषा दोन वर्षं. हार्वर्ड एकच परकी भाषा चार वर्षं शिकावी असं सुचवतं. मुलाच्या मनात असलेल्या तीन-चार कॉलेजांच्या संकेतस्थळांवर ही यादी शोधा आणि कागदाच्या मागे लिहून ठेवा.

आमची चूक इथेच झाली. दहावीच्या शेवटी लेकीने स्पॅनिश सोडलं, कॉम्प्युटरचा आणखी एक कोर्स बसवायला. हायस्कूल पास व्हायला दोनच वर्षं लागतात म्हणून मीही मान डोलावली. अकरावीच्या ऑक्टोबरात तिला मनापासून आवडलेल्या कॉलेजची यादी पाहिली, तर तिथे तीन ते चार वर्षं सुचवलेली. बारावीत ती पुन्हा स्पॅनिश थ्रीच्या वर्गात बसली. आजूबाजूला तिच्याहून दोन वर्षांनी लहान मुलं, आणि क्रियापदांची रूपं पहिल्यापासून. तिने ते नेटाने केलं. पण दहावीत फॉर्म भरतानाच मी ती यादी बघितली असती तर तिला ते वर्ष असं काढावं लागलं नसतं.

भाषेचाच विषय निघाला म्हणून सांगते. मूल बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या किंवा गावातल्या मराठी शाळेत जात असेल आणि त्याला मराठी लिहिता-वाचता येत असेल, तर घरच्या भाषेची परीक्षा देऊन क्रेडिट मिळतं का, हे स्कूल डिस्ट्रिक्टला जरूर विचारा. दोन भाषांवर प्रभुत्व असल्याचा 'सील ऑफ बायलिटरसी' कॅलिफोर्नियाने २०११ मध्ये कायद्याने सुरू केला आणि नंतर इतर राज्यांनीही तो घेतला. मात्र मराठी येते म्हणून स्पॅनिश-फ्रेंचची गरज संपली असं धरून चालू नका. डिस्ट्रिक्टकडून उत्तर लेखी घ्या.

गणित बारावीकडून मागे मोजत या

पाच ओळींत एकच ओळ अशी आहे की जिचा निर्णय सहावी-सातवीतच होऊन जातो. अल्जेब्रा वन, जॉमेट्री, अल्जेब्रा टू, प्रीकॅल्क्युलस, कॅल्क्युलस: नेहमीची साखळी अशी पाच कड्यांची आणि हायस्कूलची वर्षं चार. बारावीत कॅल्क्युलस हवं असेल तर अल्जेब्रा वन आठवीत व्हायला हवं. ते नववीत झालं, तर सरळ चालीने बारावीत प्रीकॅल्क्युलसपर्यंतच पोचता येतं. त्यावर उपाय आहेत. दहावीत जॉमेट्री आणि अल्जेब्रा टू एकदम घेता येतात, किंवा एक कोर्स उन्हाळ्यात करता येतो, शाळेत किंवा कम्युनिटी कॉलेजात (गावातलं दोन वर्षांचं सार्वजनिक कॉलेज). उन्हाळ्याच्या कोर्सचं क्रेडिट शाळा देईल का, हे आधी विचारा. सहा आठवड्यांत उरकलेली जॉमेट्री पुढे त्रास देते, म्हणून मी पहिला मार्ग पसंत करीन.

इंजिनीअरिंग, भौतिकशास्त्र, अर्थशास्त्र यांच्याकडे ओढा असेल तर कॅल्क्युलस हवंच. स्टॅटिस्टिक्स सुंदर विषय आहे, पण अशा मुलांनी ते कॅल्क्युलसच्या जोडीला घ्यावं, त्याच्या जागी नको. डेटा सायन्सच्या कोर्सबाबत जास्त जपा. २०२३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या प्राध्यापकांच्या समितीने असे कोर्स अल्जेब्रा टूची जागा घेऊ शकत नाहीत असं ठरवलं. शाळेत कॅल्क्युलस शिकवतच नसतील तर खचून जाऊ नका. ज्यांच्या शाळेत कॅल्क्युलस, भौतिकशास्त्र किंवा रसायनशास्त्र मिळत नाही, अशा मुलांना ज्ञान दुसऱ्या मार्गाने सिद्ध करायची वाट कॅलटेक या विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विद्यापीठानेही २०२३ पासून मोकळी केली आहे.

कठीण कोर्स किती? तास मोजा

हा सगळ्यात नाजूक भाग, आणि मला सर्वांत जास्त इथेच बोलायचं आहे. अकरावीत लेकीने पाच एपी घेतले होते. नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी मी तिच्या शेजारी बसून घड्याळ बघितलं. पावणेसहाला सरावावरून घरी. साडेसहाला जेवून टेबलाशी. अमेरिकन इतिहासाचं वाचन आणि टिपणं सत्तर मिनिटं. कॅल्क्युलस एक तास. भौतिकशास्त्र पन्नास मिनिटं. इंग्रजीचा निबंध पाऊण तास, तोही अर्धाच. रसायनशास्त्राचा लॅब रिपोर्ट सव्वा तास. मधली उठबस धरून पावणेबारा वाजले, आणि स्पॅनिश नसूनही ही गत. सकाळची बस सहा पन्नासला. तेरा ते अठरा वयाच्या मुलांना रोज आठ ते दहा तास झोप हवी असं झोपेचे डॉक्टर सांगतात. तिला साडेसहाही मिळत नव्हती, आणि जानेवारीत दोन ग्रेड घसरल्या.

म्हणून धाकट्याच्या वेळी आम्ही रीत बदलली. फॉर्म भरण्याआधी प्रत्येक कठीण कोर्ससाठी, तो आत्ता करत असलेल्या दोन मुलांना विचारायचं: रोज किती वेळ लागतो? उत्तरं लिहायची, सरासरी काढायची आणि बेरीज करायची. रोजची बेरीज साडेतीन तासांवर गेली की एक कोर्स खाली आणायचा. खेळ, नृत्य, तबला, नोकरी, घरातलं आजारपण हे सगळं त्या हिशोबात धरायचं.

चढ हळूहळू असावा. नववीत दोन-तीन ऑनर्स, दहावीत एखादा एपी, अकरावीत तीन, बारावीत तीन किंवा चार, हा क्रम बहुतेक चांगल्या मुलांना झेपतो. 'एपीमध्ये बी की साध्या कोर्समध्ये ए?' हा प्रश्न पालकांच्या प्रत्येक बैठकीत येतो. माझं मत असं: गाभ्याच्या विषयात मूल कष्टाने बी मिळवू शकत असेल आणि त्याला विषय समजत असेल तर कठीण कोर्स घ्यावा. सी दिसत असेल तर खाली यावं. एकाच वर्षी तीन ठिकाणी बी दिसत असतील तर कोर्स जास्त झालेत.

एपी, आयबी की कम्युनिटी कॉलेज?

यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. शाळेत जे चांगलं शिकवतात ते घ्या. एपीची परीक्षा मे महिन्यात, गुण एक ते पाच. आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) डिप्लोमा म्हणजे सहा विषय, त्यातले सहसा तीन वरच्या पातळीचे, आणि चार हजार शब्दांचा निबंध. लिहायची आवड असणाऱ्या मुलांना तो मानवतो. कम्युनिटी कॉलेजच्या कोर्सची ग्रेड कायमची कॉलेज रेकॉर्डवर राहते, म्हणून तो सहज गंमत म्हणून घेऊ नका.

एपीमध्येही सगळे सारखे नाहीत. एन्व्हायर्नमेंटल सायन्स किंवा सायकॉलॉजी आवडीने घ्या, पण ते भौतिकशास्त्र किंवा रसायनशास्त्र चुकवण्यासाठी घेतलं असेल तर वाचणाऱ्याला ते कळतं. कॉम्प्युटर सायन्स ए मध्ये जावा प्रोग्रॅमिंग असतं. कॉम्प्युटर सायन्स प्रिन्सिपल्स हा त्यामानाने तोंडओळखीचा कोर्स आहे. दोन्हींची नावं सारखी दिसतात म्हणून फॉर्म भरताना गोंधळ होतो.

मुलाची ओढ आणि शिक्षक

पाच ओळी भरल्यावर उरलेल्या तासिका मुलाच्या आहेत. तिथे त्याची एक ओढ चारही वर्षं दिसू द्या. लेकीने सिरॅमिक्स चार वर्षं केलं. मला ते वाया गेल्यासारखं वाटायचं. पुढे तिच्या अर्जातला निबंध त्या भट्टीत तडकलेल्या एका भांड्यावर होता.

शिक्षकांचाही विचार करा. बरीच कॉलेजं दोन शिक्षकांची पत्रं मागतात. एमआयटीला एक गणित-विज्ञानाच्या आणि एक भाषा किंवा सामाजिक शास्त्रांच्या शिक्षकाचं हवं असतं. पत्रं सहसा अकरावीच्या शिक्षकांची जातात. त्या वर्षी दोन्ही बाजूंना मुलाला ओळखणारा एकेक शिक्षक असेल, हे बघा.

काउन्सेलरकडे कागद घेऊन जा

एका काउन्सेलरकडे शेकडो मुलं असू शकतात, तेव्हा मोघम प्रश्न घेऊन जाऊ नका. चार वर्षांचा कागद पुढे ठेवा आणि विचारा: या निवडीला तुम्ही कॉलेजच्या फॉर्मवर कोणती पायरी द्याल? सर्वांत वरच्या पायरीसाठी शाळा काय धरते? दोन कोर्स एकाच तासिकेला आले तर कोणता सोडावा? कोर्स बदलायची शेवटची तारीख कोणती, आणि त्यानंतर सोडला तर ट्रान्सक्रिप्टवर काय उमटतं? प्रश्न मुलाने विचारावेत. तुम्ही शेजारी बसा.

पुण्या-नाशिकहून अर्ज करणार असाल तर

अमेरिकेतली बरीच कॉलेजं नववी ते बारावी चारही वर्षांच्या गुणपत्रिका मागतात. नववीचं निकालपत्रक शाळेच्या सही-शिक्क्यासह जपून ठेवा, नंतर शोधताना फार धावपळ होते. इंजिनीअरिंग किंवा अर्थशास्त्र मनात असेल तर अकरावीत गणित सोडू नका. बोर्डात विषय मोजकेच मिळतात, आणि तुमचं मूलही त्याच्या बोर्डाच्या मापानेच वाचलं जातं.

बारावीची ओळ

अर्ज जातात नोव्हेंबर ते जानेवारीत. तेव्हा कॉलेजला नववी ते अकरावीच्या ग्रेड आणि बारावीच्या कोर्सची यादी दिसते. बारावीच्या मे महिन्यातल्या एपीचे गुण येतात तेव्हा निकाल लागून गेलेला असतो, त्यामुळे त्या वर्षीच्या कोर्सचं नाव आणि पहिल्या सहामाहीची ग्रेड हेच कामी येतं. ती ग्रेड शाळा हिवाळ्यात मिडइयर रिपोर्टमध्ये पाठवते. शेवटचा ट्रान्सक्रिप्ट जूनमध्ये जातो, आणि ग्रेड फार कोसळल्या तर मिळालेला प्रवेशही कॉलेज मागे घेऊ शकतं. अर्ज गेल्यावर एखादा कोर्स सोडायची वेळ आलीच, तर सोडण्याआधी काउन्सेलरशी बोला आणि मुलाने स्वतः त्या कॉलेजांना दोन ओळींची ईमेल करून कारण कळवावं.