सायकल पळतेय की उभी आहे? ट्रॅक सायकलिंगचे फोटो काढताना या चुका टाळा

ट्रॅक सायकलिंगच्या फोटोंमधली सगळ्यात मोठी चूक तांत्रिकदृष्ट्या अगदी निर्दोष दिसते. शटर १/२००० सेकंद, फोकस चेहऱ्यावर, हेल्मेटवरचा नंबरसुद्धा वाचता येतो. आणि सायकल मात्र स्टँडवर लावल्यासारखी! ट्रॅकच्या सायकलला मागे बहुतेकदा डिस्क चाक असतं. त्यात आरेच दिसत नाहीत, त्यामुळे ते फिरतंय की थांबलंय हे फोटोतून कळायला काही मार्ग नाही.

थोडा हिशेब करू. ताशी ६० किलोमीटरने जाणारा रायडर सेकंदाला साधारण १७ मीटर पुढे जातो. १/२००० मध्ये तो एक सेंटिमीटरही सरकत नाही. १/६० मध्ये जवळजवळ फूटभर सरकतो. वेग दिसतो तो या फूटभरात. प्रश्न एवढाच, की फोटोत स्थिर काय ठेवायचं? रायडर स्थिर आणि मागचं सगळं पळतं हवं असेल, तर कॅमेरा त्याच्या वेगाने फिरवायचा. म्हणजेच पॅनिंग.

पॅनिंग बिघडतं ते बहुतेक वेळा पायांमुळे, तुमच्या पायांमुळे. रायडर येताना दिसला की आपण त्याच्याकडे तोंड करून उभे राहतो आणि तो समोर येईपर्यंत कंबर पिळून आखडलेली असते. उलटं करा. जिथे क्लिक करायचं आहे त्या दिशेला पावलं ठेवा, कंबरेतून मागे वळून रायडरला लांबूनच फ्रेममध्ये पकडा आणि कंबर सैल होत जाईल तसे फिरत या. क्लिक झाल्यावरही फिरत राहा. बटण दाबताच हात थांबला, तर फोटो नेमका तिथेच हलतो. लेन्सच्या स्टॅबिलायझेशनला (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणाऱ्या सोयीला) पॅनिंगचा वेगळा मोड असेल तर तो लावा, नाहीतर लेन्स तुमच्याच हालचालीशी भांडत बसते.

‘चेहरा शार्प आला पण पाय फिसकटले’ ही तक्रार नेहमीची. ती तक्रार नाहीच. मिनिटाला १२० पेडल मारणाऱ्याचा पाय सायकलच्या तुलनेत सेकंदाला दोन मीटरहून जास्त फिरतो. १/६० मध्ये तीन-साडेतीन सेंटिमीटर. डोकं मात्र जवळपास एका जागी असतं. हेल्मेट आणि हँडलबार स्वच्छ, पाय धूसर, असा फोटो ठेवा. चेहराच हललेला असेल तर तो खुशाल डिलीट करा.

आपला सराव नवी मुंबईच्या पाम बीच रोडवर किंवा ठाण्याच्या येऊरला होतो आणि शर्यत असते पुण्याला बालेवाडीत, किंवा दिल्लीच्या २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या लाकडी ट्रॅकवर. इथे एक गफलत होते. येऊरच्या चढावर ताशी १२ किलोमीटरने दमत चाललेल्या सायकलस्वाराचं पॅनिंग १/२५ ला छान जमलं, म्हणून तेच सेटिंग ट्रॅकवर लावलं जातं. ६० च्या वेगाला तेवढ्याच अंतरावरून मागच्या दृश्याची तेवढीच लांब रेघ हवी तर १/१२५ पुरतं. वेग पाचपट, तर शटरही पाचपट जलद. सुरुवात तिथून करा आणि हात बसला की हळूहळू १/६० कडे या.

पाम बीचला सकाळी फोटो काढताना पाठीमागे मोकळं आकाश घेऊ नका. आकाशाला रेघा पडत नाहीत; मग कॅमेरा कितीही सुरेख फिरवा, सायकल हवेत टांगलेली दिसते. मागे खारफुटी, विजेचे खांब, इमारती, काहीतरी उठावाचं हवं. ऊन चढल्यावर १/३० ला फोटो पांढराफटक होतो, कारण अ‍ॅपर्चर (लेन्सचं उजेड आत घेणारं छिद्र) कितीही बारीक केलं तरी उजेड जास्तच पडतो. एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी गडद काच) लावा, नाहीतर ऊन वर येण्याआधी जा. मोबाइलवाल्यांना ही अडचण आणखी, बहुतेक फोनचं अ‍ॅपर्चर बदलताच येत नाही. पावसाळ्यातली ढगाळ सकाळ त्यांच्यासाठी उत्तम. आणि उभं राहायचं ते फुटपाथवर. दुभाजकावर चढून अँगल शोधणारे महाभाग दिसतात, त्यांचं अनुकरण नको.

सरळ रस्त्यावर रायडर तुमच्या अगदी समोर असतो तेव्हाच क्षणभर त्याचं अंतर बदलत नाही. आधी-नंतर पुढचं चाक शार्प आणि पाठ धूसर, असं होणारच. व्हेलोड्रोममध्ये (सायकल शर्यतीच्या लंबगोल ट्रॅकवर) मात्र आतल्या मैदानात, वळणाच्या केंद्राजवळ उभं राहायची परवानगी मिळाली तर सोडू नका. तिथून अख्ख्या वळणभर रायडर तुमच्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर राहतो. फोकसची अर्धी डोकेदुखी संपते.

त्याच वळणावर दुसरी चूक होते. २५० मीटरच्या ट्रॅकचं बँकिंग, म्हणजे आतल्या बाजूला असलेला उतार, वळणावर चाळीस अंशांहून जास्त असतं. फ्रेममध्ये ते विचित्र वाटतं म्हणून लोक कॅमेरा तिरका करून फळ्या आडव्या आणतात. झालं, भिंतीसारखा उतार सपाट झाला आणि सायकलस्वार रस्त्यावर आला. कॅमेरा सरळच धरा.

बंदिस्त ट्रॅकवर काही फोटो उजळ, काही काळपट आले, किंवा आडवे पट्टे पडले, तर कॅमेऱ्याला दोष देऊ नका. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/१०० किंवा १/५० ठेवा, म्हणजे पॅनिंगही साधतं. जलद शटरच हवं असेल तर कॅमेऱ्यातला अँटीफ्लिकर (लुकलुक टाळणारा) मोड. चाकं वाकडी, लंबगोल दिसत असतील तर इलेक्ट्रॉनिक शटर बंद करून मेकॅनिकल लावा. फ्लॅश तर नकोच: रायडर दचकला तर थांबणार कसा, ट्रॅकच्या सायकलला ब्रेक नसतात.

स्प्रिंटच्या शर्यतीत सुरुवातीला दोघे रायडर अगदी रेंगाळतात, कधी जागच्या जागी तोल सांभाळत उभे राहतात. तिथे पॅनिंगचं सेटिंग निरुपयोगी. १/५०० लावून त्यांची एकमेकांवर रोखलेली नजर टिपा. शेवटच्या दोनशे मीटरसाठी दुसरं सेटिंग आधीच डायलवर साठवून ठेवा. त्यांनी झेप घेतल्यावर मेन्यू उघडायला वेळ मिळत नाही.