बुकिंगचं अ‍ॅप रचताना सुरुवात तिकिटापासून करा

प्रवासाच्या बुकिंगचं अ‍ॅप करायला घेतलं की बहुतेक टीम आधी शोधाची स्क्रीन रंगवायला बसतात. ‘कुठून’, ‘कुठे’, तारीख, खाली मोठं बटण, मागे समुद्राचा फोटो. ती कुणालाही जमते, म्हणून सगळे तिथेच रमतात. मी उलटी जाते: आधी तिकीट, मग पेमेंट, मग प्रवाशाची माहिती, आणि शोध सगळ्यात शेवटी. शोधताना माणूस निवांत बसलेला असतो. तिकीट उघडतो तेव्हा तो रांगेत असतो, एका हातात बॅग, बॅटरी संपत आलेली, नेटवर्कचा पत्ता नाही.

तिकीट फोनमध्येच साठवलेलं हवं आणि नेटशिवाय उघडायला हवं, ही पहिली अट. दुसरी अट टीमला नेहमी जड जाते: तिकीट पाहण्यासाठी पुन्हा लॉगिन मागायचं नाही. परदेशात उतरलेल्या माणसाने स्थानिक सिम टाकलेलं असतं आणि तुमचा ओटीपी त्याच्या जुन्या नंबरवर जातो. ते जुनं सिम त्या वेळी पाकिटात असतं. स्क्रीनवर सगळ्यात वर वेळ आणि गेट किंवा फलाट, मग सीट, मग पांढऱ्या पार्श्वभूमीवर स्कॅन करायचा कोड. कोड उघडताच स्क्रीनचा उजेड आपोआप पूर्ण वाढू द्या. बुकिंग क्रमांक मोठ्या आणि सुट्या अक्षरांत दाखवा. विमानाचा असेल तर तो बहुधा ६ अक्षर-अंकांचा असतो आणि काउंटरवर वाचून दाखवावा लागतो. ओ आणि शून्य सारखे दिसणारा फॉन्ट तिथे चालत नाही. गेट बदलू शकतं, म्हणून माहिती किती वाजताची आहे तेही बारीक अक्षरात लिहा. आणि या स्क्रीनवर ‘आम्हाला रेटिंग द्या’ची खिडकी उघडणाऱ्याला मीटिंगमधून बाहेर बसवा.

आता पेमेंट. डिझाइनच्या फाइलमध्ये मला दोनच निकाल सापडतात: झालं किंवा फसलं. तिसरा निकाल कुणी काढत नाही: माहीत नाही. बँकेने पैसे कापले, पण उत्तर तुमच्यापर्यंत पोचलं नाही. किंवा पैसे आले, पण तेवढ्यात सीट दुसऱ्याला गेली. माणूस घाबरतो तो इथे. एका चाचणीत एक आजोबा ‘पैसे भरा’ दाबत राहिले. आधी हलकेच, मग अंगठा जोरात रोवून, मग दुसऱ्या हाताच्या तर्जनीने. बटण आतून काम करत होतं, पण वरून तसूभर बदललं नव्हतं. वापरसुलभतेचा अभ्यासक याकोब नीलसन याने १९९३ साली मांडलेले आकडे इथे अजून लागू पडतात: ०.१ सेकंदात काही हललं तर ते लगेच झाल्यासारखं वाटतं, १ सेकंदापर्यंत विचार तुटत नाही, १० सेकंदांनंतर लक्ष उडतं. म्हणून बोट लागताच बटणाचा रंग आणि मजकूर दोन्ही बदला, आणि बटण बंद करा.

पण एवढ्यावर भागत नाही. डेव्हलपरला सांगा की प्रत्येक व्यवहाराला अ‍ॅपनेच एक वेगळा क्रमांक जोडायचा. तीच विनंती दोनदा आली तर सर्व्हरने ती ओळखायची आणि पैसे एकदाच घ्यायचे. तिसऱ्या निकालाची स्क्रीन अशी लिहा: ‘तुमचे पैसे कापले गेले असू शकतात. पुन्हा भरू नका. आम्ही बँकेकडे तपासतो आहोत. अ‍ॅप बंद केलं तरी चालेल, निकाल मेसेजने कळवू.’ यातलं प्रत्येक वाक्य माणसाच्या मनातल्या एकेका प्रश्नाचं उत्तर आहे. ‘काहीतरी चुकलं’ या वाक्यात एकाचंही नाही.

किंमत पहिल्या यादीपासून कर आणि शुल्क धरून दाखवा. युरोपीय संघाच्या २००८ सालच्या १००८/२००८ या नियमावलीत विमान तिकिटांसाठी हेच बंधन आहे, आणि जादा सेवांवर आधीच टिक करून ठेवायलाही मनाई आहे. तुमचं अ‍ॅप युरोपात चालत नसलं तरी ही शिस्त उसनी घ्या. सीट राखून ठेवण्याचं घड्याळ लावणार असाल तर ते सर्व्हरवरच्या खऱ्या मुदतीवर चालू द्या. पान ताजं केलं की पुन्हा दहा मिनिटांपासून सुरू होणारं घड्याळ लोक पहिल्याच दिवशी ओळखतात.

प्रवाशाच्या नावाचा रकाना साधा दिसतो, पण सगळ्यात जास्त फोन त्याच्यामुळेच येतात. पासपोर्टच्या तळाशी यंत्राने वाचायच्या दोन ओळी असतात, प्रत्येकी ४४ चिन्हांच्या. आधी आडनाव, मग नाव. कॅमेऱ्याने त्या वाचून घ्या, टायपिंग वाचतं. मात्र एक गोम आहे. त्या ओळींतले पडताळणीचे अंक पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख आणि मुदत यांची खात्री करतात, नावाची करत नाहीत. म्हणून वाचलेलं नाव मोठ्या अक्षरात दाखवून ‘पासपोर्टवर असंच आहे ना?’ असं विचाराच. काहींच्या पासपोर्टवर एकच नाव असतं; आडनावाचा रकाना सक्तीचा केलात तर तो माणूस तिथेच अडकतो किंवा टिंब टाकून पुढे जातो, आणि ते टिंब पुढे विमानतळापर्यंत छळतं. जन्मतारखेला कॅलेंडर नको, आकड्यांचा कीबोर्ड द्या. साठीच्या माणसाला महिन्यामागून महिना मागे सरकवायला लावणं हा छळ आहे. एक रकाना चुकला तर बाकीचे पुसू नका, हे खरं तर सांगायची वेळ येऊ नये.

तारखा लिहिताना महिना अक्षरात आणि वार सोबत. ०३/०४ म्हणजे कुणाला ३ एप्रिल, कुणाला ४ मार्च. मध्यरात्रीनंतरच्या गाड्या आणि विमानं हा वेगळाच सापळा. शुक्रवारी ००:१५ला सुटणाऱ्या विमानासाठी लोक शुक्रवारी रात्री येतात. अशा वेळी ‘गुरुवारी रात्रीच पोहोचा’ असं सरळ लिहा, पेमेंटच्या आधी आणि तिकिटावरही. सगळ्या वेळा त्या त्या ठिकाणच्या दाखवा, फोनच्या टाइम झोनवर सोडू नका. ऑकलंडहून रात्री उडालेलं विमान वाररेषा ओलांडून होनोलुलूला त्याच तारखेच्या सकाळी उतरू शकतं; ‘आधी पोचलो, मग निघालो’ असं वाटणाऱ्या या वेळांशेजारी प्रवासाचे एकूण तास लिहा.

शोधाबद्दल थोडक्यात. शहरासोबत देश दाखवा: सिडनी ऑस्ट्रेलियात आहे आणि कॅनडातही, आणि भलत्याच सिडनीला पोचलेले प्रवासी खरोखर आहेत. लंडनसारख्या शहरात विमानतळाचं नावही हवं. परत मागे आल्यावर यादी होती तिथेच राहू द्या, फिल्टरसकट.

बोटाने दाबायची जागा किमान किती मोठी हवी, तर अ‍ॅपल ४४ बाय ४४ पॉइंट सांगतं, गुगल ४८ बाय ४८ डीपी (दोन्ही स्क्रीनवरची मापं). सीटचा नकाशा या मापात बसत नाही, म्हणून आधी भाग निवडायला द्या, मग तो मोठा करा. रिकामी आणि भरलेली सीट फक्त रंगाने वेगळी दाखवू नका, फुली मारा. डोळ्यांनी न पाहता अ‍ॅप वापरणाऱ्यांसाठी ‘खिडकी, पुढचा भाग’ अशी यादीही ठेवा.

चाचणीला पाच माणसं पुरतात, पण ‘तिकीट काढा’ असं काम देऊ नका. ते सगळ्यांना जमतं. मी बॅग खांद्यावर घ्यायला सांगते, फोन एका हातात, मध्येच विमान मोड चालू करते. काम असं: ‘परतीचा प्रवास दोन दिवस पुढे ढकला’, किंवा ‘चारपैकी एकाच प्रवाशाचं तिकीट रद्द करा’. रद्द करण्याचं बटण तिकिटाच्याच स्क्रीनवर ठेवा, मदतीच्या पानात गाडू नका. ते दाबल्यावर, पक्कं करण्याआधी, भरलेली रक्कम, कापली जाणारी रक्कम आणि परत मिळणारी रक्कम एकाखाली एक दाखवा, आणि पैसे कार्डावर येणार की अ‍ॅपच्या वॉलेटमध्ये, तेही त्याच ओळीत.