गाडीला ओढ नाही? घेताना आणि घेतल्यावर या चुका टाळा

मे महिन्यात चाळीसगावचं लग्न आटपून आम्ही औट्रम घाट चढून कन्नडकडं यायलो होतो, गाडीत सहा जण, डिक्कीत बॅगा, एसी फुल आणि पुढं एक ट्रॅक्टर. ओव्हरटेक करायला गाडी बाहेर काढली, अ‍ॅक्सिलरेटर पार तळाला टेकवला तरी ती पुढं सरकंना, समोरून जीप आली म्हणून परत ट्रॅक्टरच्या मागं घ्यावी लागली. आई मागून म्हणली, "हळू चल बाबा, आपल्याला काय घाई हाय?" तिच्या आवाजातली भीती अजून कानात आहे, म्हणून लिहायलोय.

टेस्ट ड्राइव्ह दोघांनीच घेणं. मी हेच केलं, जालना रोडवर सपाटीला, मी आणि सेल्सवाला पोरगा. दोन माणसांत कोणतीपण गाडी हलकीच वाटते ओ. घरचे सगळे बसवा, एसी फुल ठेवा आणि चढ शोधा, दौलताबादचा घाट आहे, बीडवाल्यांना मांजरसुंबा आहे. चढावर गाडी पूर्ण थांबवून परत उचलून बघा, क्लच सारखा दाबून धरावा लागला किंवा जळका वास आला तर विचार करा. सपाट मोकळ्या रोडवर 40 वरून 80 ला जायला किती वेळ लागतो तेपण बघा, कारण ओव्हरटेक तिथंच होतो.

नुसता पीएसचा, म्हणजे इंजिनाच्या ताकदीचा, आकडा बघणं. हिशोब वजनाशी लावा. समजा गाडी रिकामी 950 किलो आणि इंजिन 72 पीएस, म्हणजे टनाला 75 च्या आसपास. त्यात 400 किलो माणसं-सामान चढलं की तेच 53 वर येतं, आणि वर एसीचा कॉम्प्रेसर इंजिनातूनच ताकद खातो, आपल्याकडं 42 डिग्रीत तो बंद करून लेकरांना कसं न्यायचं? टॉर्क, म्हणजे इंजिनाचा ओढायचा जोर, किती आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्यांना) मिळतो तेपण विचारा. टाटाच्या डिझेल नेक्सॉनला 260 एनएम टॉर्क 1500 आरपीएमपासूनच मिळतो, साध्या बिनटर्बो (टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा ढकलणारा पंप) पेट्रोलला बऱ्याचदा 4000 च्या पुढं न्यावं लागतं. म्हणून पेट्रोल गाडी घाटात चौथ्या गिअरात रेटत बसू नका, इंजिन गुरगुरायच्या आधीच तिसरा नाहीतर दुसरा टाका, आवाज वाढला तर वाढू द्या. माझी निम्मी चूक तीच होती.

सीएनजी घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, अर्टिगाच बघा, पेट्रोलवाली 103 पीएस देते आणि सीएनजीवाली सीएनजीवर 88, टाकीचं वजन वेगळंच. रोज शहरात फिरायला काही अडचण नाही, पण भरलेल्या गाडीनं घाट चढायचा असेल तर पेट्रोलवर टाका.

आणि जी गाडी आधी चांगली पळायची ती आता ओढत नसेल तर लगेच इंजिनाला दोष देऊ नका. आधी एअर फिल्टर काढून बघा, आपल्या कच्च्या रस्त्यांवरच्या धुळीनं तो लवकर चोंदतो. मग टायरची हवा. आरपीएम वाढतो पण स्पीड वाढत नाही, असं असेल तर क्लच प्लेट गेली समजा. डिझेल गाडी काळा धूर सोडायली आणि दमही नाही, तर टर्बोचा पाइप कुठं फाटलाय का ते मेकॅनिकला बघायला लावा. थोडं चालवून थांबल्यावर एकच चाक जास्त तापलेलं वाटलं, तर तिथला ब्रेक धरून बसलाय, रिमला डायरेक्ट हात लावू नका, भाजतं, आधी जवळ हात नेऊन बघा.