व्यसनांची वस्ती-पाहणी : आकडा कुठे चुकतो

'इथे किती लोक पितात?' एवढाच प्रश्न घेऊन निघालात तर हाती फारसं काही लागत नाही. धोकादायक प्रमाणात पिणारे किती, उपचारांची गरज असलेले किती आणि त्यांतले उपचारापर्यंत पोचलेले किती, हे तीन आकडे वेगवेगळे काढायचे.

प्रश्नावली घरी बनवू नका. दारूसाठी जागतिक आरोग्य संघटनेची १० प्रश्नांची 'ऑडिट' वापरा. गुण ० ते ४०. साधारणपणे ८ पासून पुढे धोका, २० पासून पुढे अवलंबित्वाची शक्यता. पहिल्या आठ प्रश्नांना ० ते ४ गुण, शेवटच्या दोनांना मात्र ०, २ किंवा ४ एवढेच. तिथे १ किंवा ३ दिसला की तो फॉर्म चुकीचा भरलाय. गांजा, झोपेच्या गोळ्या, अफूजन्य पदार्थ हेही मोजायचे असतील तर 'असिस्ट' ही त्याच संघटनेची सगळ्या नशांसाठीची प्रश्नावली घ्या. भाषांतर केलंत तर ज्याने मूळ पाहिलेलं नाही अशाकडून ते उलट भाषांतरित करून ताडून बघा.

सगळ्यात जास्त गोंधळ 'एक ग्लास' या शब्दात होतो. ऑडिटच्या हिशेबात एक प्रमाणित पेय म्हणजे सुमारे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. सूत्र सोपं: मिलिलिटर × टक्के ÷ १०० × ०.७८९. म्हणजे ५ टक्क्यांच्या बिअरची ६५० मिलिलिटरची बाटली सुमारे २६ ग्रॅम, अडीच पेयांहून जास्त. ४० टक्क्यांची ६० मिलिलिटर दारू जवळपास दोन पेयं. कार्यकर्त्याच्या पिशवीत रिकामे ग्लास आणि मोजपात्र हवंच. 'तुम्ही भरता तेवढं पाणी भरून दाखवा' म्हणायचं, पाणी मोजपात्रात ओतायचं आणि मिलिलिटर लिहायचे. गाळलेल्या दारूची तीव्रता अल्कोहोलमीटरवर (द्रवात तरंगवून घनतेवरून अल्कोहोल मोजायची नळी) समजते, पण साखर असलेल्या आंबवलेल्या पेयात तो फसतो, कारण साखरेने द्रवाची घनता वाढते.

नमुना: प्रमाण अधिक-उणे ५ टक्क्यांच्या आत आणि ९५ टक्के खात्रीने हवं असेल तर किमान ३८५ माणसं. गल्लीगल्लीचे गट करून निवडणार असाल तर साधारण दुप्पट धरा. घर चिठ्ठीने निवडा आणि घरातली व्यक्तीही. दार उघडेल त्यालाच विचारलंत तर घरी असणारेच नमुन्यात भरतात. कुलूप दिसलं म्हणून शेजारचं घर घेऊ नका. वेगवेगळ्या वेळी तीनदा जा, कारण जास्त पिणारेच बहुधा घराबाहेर असतात. मुलाखत एकांतात आणि समोरचा शुद्धीत असताना घ्या. घरचं माणूस शेजारी बसलं की आकडा खाली येतो, हे समजायला संशोधक असावं लागत नाही.

नशेची इंजेक्शनं घेणारे घरोघरच्या पाहणीत सापडत नाहीत. तिथे साखळी-नमुना चालतो: वेगवेगळ्या गटांतले चार-सहा जण निवडा, प्रत्येकाला ओळखीतल्या अशाच लोकांना वाटायला क्रमांकाची तीन कुपनं द्या. कोणी कोणाला आणलं आणि प्रत्येक जण अशा किती जणांना ओळखतो, ही नोंद राहिली तरच पुढे भारांकन (जास्त ओळखी असलेल्यांचं वजन हिशेबात कमी धरणं) करता येतं. ती सुटली की उरते फक्त ओळखीची यादी.

नावं आणि उत्तरं वेगळ्या कागदांवर, वेगळ्या कुलपात. नीतिसमितीची मंजुरी आधी, मुलाखती नंतर. अहवालात पाचपेक्षा कमी माणसांचा रकाना छापू नका. छोट्या वस्तीत 'चाळिशीतल्या दोन महिला' म्हटलं की सगळे ओळखतात.

ऑडिटमध्ये २० किंवा जास्त गुण आलेल्याला 'उद्यापासून बंद करा' असं कधीही सांगू नका. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम सोडली तर पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात आणि पुढे डेलिरियमने (भास आणि तीव्र गोंधळाची अवस्था) जीवही जाऊ शकतो. डॉक्टरांकडे पाठवायची सोय पाहणीच्या आधी ठरलेली हवी.

उपचारांचा परिणाम ३, ६ आणि १२ महिन्यांनी बघा. समजा ६० जणांनी उपचार घेतले, वर्षाने २४ सापडले आणि त्यांतले १८ जण दारूपासून दूर आहेत. अहवालात '७५ टक्के यश' लिहायचा मोह होतो. ६० पैकी १८, म्हणजे ३० टक्के, हेही लिहा आणि न सापडलेल्या ३६ जणांचा रकाना शेजारीच ठेवा.