पापड भाजून प्रकाशाचा वेग कसा काढायचा

प्रकाश ही विद्युतचुंबकीय लहर आहे हे शाळेत पाठ केलेलं असतं, पण कशावरून असं कोणी विचारलं की आपण गप्प. घरात मायक्रोवेव्ह, उडदाचे तीन-चार पापड आणि पट्टी असेल तर चला.

आधी आतली फिरणारी प्लेट आणि खालचं चाकांचं रिंगण काढा. हे विसरलात तर सगळं मुसळ केरात, कारण प्लेट फिरते ती पापड सगळीकडून सारखा भाजावा म्हणूनच, आणि आपल्याला नेमकं तेच नकोय. मधला खुंट फिरतच राहतो, त्यावर त्याला न टेकेल असा काचेचा वाडगा पालथा घाला (स्टीलचा अजिबात नको), वर सपाट काचेची ताटली, त्यावर पापड शेजारी शेजारी.

२० सेकंद लावा, मग गरज पडली तर पाच-पाच सेकंद. मी पहिल्यांदा सरळ एक मिनिट लावलं आणि घरभर जळका वास.

आता पापड नीट बघा, कुठे फुलून पांढरा झालाय, कुठे तसाच कच्चा. मायक्रोवेव्हमधल्या, विजेपासून तयार होणाऱ्या लहरी आतल्या धातूच्या भिंतींवर आपटून परत येतात आणि एकमेकींत मिसळतात, काही जागी जोर वाढतो, काही जागी जवळपास शून्य. शेजारच्या दोन फुललेल्या ठिपक्यांच्या मध्यांमधलं अंतर म्हणजे साधारण अर्धी तरंगलांबी (तरंगलांबी म्हणजे लहरीच्या लागोपाठच्या दोन शिखरांमधलं अंतर). पाच-सहा जोड्या मोजून सरासरी काढा, कारण ठिपके काही रांगेत उभे राहत नाहीत. ६.१ सेंमीच्या आसपास आलं पाहिजे. दुप्पट १२.२ सेंमी, म्हणजे ०.१२२ मीटर. मागच्या स्टिकरवर बहुतेक २४५० मेगाहर्ट्झ असतं, म्हणजे सेकंदाला २४५ कोटी कंपनं. तरंगलांबी गुणिले सेकंदाची कंपनं म्हणजे लहरीचा वेग. गुणा, जवळपास ३० कोटी मीटर प्रतिसेकंद. हा तर प्रकाशाचा वेग!

विजेतून निघालेल्या लहरीला प्रकाशाचाच वेग कसा? वीज आणि चुंबकत्वाची समीकरणं मांडणारा शास्त्रज्ञ मॅक्सवेल याच प्रश्नापाशी आला होता. १८५६ मध्ये वेबर आणि कोलराउश या जर्मन शास्त्रज्ञांनी फक्त वीज आणि चुंबकत्वाची मापं घेतली, प्रकाशाचा संबंधच नाही, आणि त्यातून वेग निघाला सेकंदाला ३.१ लाख किमीच्या आसपास. फ्रेंच शास्त्रज्ञ फिझोने १८४९ मध्ये दातेरी चाकातून प्रत्यक्ष प्रकाश सोडून मोजलेला वेग सुमारे ३.१५ लाख. दोन आकडे इतके जवळ योगायोगाने येत नाहीत, म्हणून मॅक्सवेल म्हणाला की प्रकाश हीच वीज-चुंबकत्वाची लहर. पुढे १८८८ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ हर्ट्झने तशा लहरी प्रयोगशाळेत पकडल्या, अगदी आपल्यासारख्याच, फक्त पापडाऐवजी तारेचं कडं पुढेमागे सरकवत ठिणगी कुठे उडते, कुठे नाही ते बघत.

झालं की प्लेट परत बसवा आणि अर्धेकच्चे पापड गॅसवर भाजून घ्या.